ओव्याचा खण

मित्रांनो, मी सध्या गुरांच्या कोठ्यात उभी आहे. माझ्या एका खणात कोंबडी अंड्यांवर बसली आहे आणि कोणी जवळ गेलं की ती चोच उगारते. पण म्हणून मला खुराडं समजू नका. मी खणांची आलमारी आहे, चांगल्या सागवानाची, आणि माझं सगळं आयुष्य माणसांच्या हाताशी गेलं आहे. माझे पाय वाळवीने खाल्लेत, एक कडी तुटली आहे, पण आठवण शाबूत आहे. ती तुम्हाला सांगून टाकते.

माझा साग आलापल्लीच्या जंगलातला. वडशाच्या एका मिस्तरीने मला घडवलं. चार ओळी आणि एका ओळीत पाच खण, वरचे उथळ आणि खालचे खोल. त्याने खिळा म्हणून वापरला नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून बसवले. खण ओढला की शेवटपर्यंत यावा पण खाली पडू नये, म्हणून प्रत्येकाच्या मागे एक छोटीशी आडकाठी ठेवली. काम झाल्यावर त्याने एकेक खण ओढून आणि ढकलून पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पुढे मला खूप जणांनी चांगलं म्हटलं, पण ती पहिली थाप मी विसरले नाही.

आरमोरीच्या बाजारात एका वैद्यांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. तिथे मी उभी राहिले. माझ्या खणांत हिरडा, बेहडा, सुंठ, ओवा, वेखंड, हिंग, कापूर असं काय काय होतं. खोकल्याने बेजार झालेली पोरं, पोट धरून आलेले म्हातारे, बाळंतिणीसाठी ओवा-बाळंतशेपा न्यायला आलेल्या सासवा, सगळ्यांचं दुखणं माझ्यासमोर येऊन उभं राहायचं. वैद्य न बघता मागे हात करायचे आणि हवा तो खण त्यांच्या हातात यायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मग मेडिकलची दुकानं आली, वैद्य वारले, आणि त्यांच्या मुलाने दुकानात मोबाईल विकायला घेतले. मोबाईलला काचेचं कपाट लागतं. मला मागच्या अंगणात काढलं आणि माझ्यावर रिकामे खोके रचले.

त्या दुकानाला नवीन दार बसवायला एक मिस्तरी आला. शालिकराम त्याचं नाव. जातीने ढीवर, म्हणजे तळ्यानदीवर मासे धरणाऱ्यांच्यातला, पण हात सुताराचा. वैनगंगेच्या काठच्या आपल्या गावात तो डोंगे बनवायचा, म्हणजे मासेमारीच्या आणि शिंगाडे काढायच्या लाकडी नावा. त्याने माझ्यावरचे खोके बाजूला केले, एक खण ओढला आणि नाक आत घातलं.

"अजून वास येते न बापा," तो म्हणाला. "हे मले द्या. दाराची मजुरी राहू द्या."

बैलगाडीतून मी त्याच्या घरी आले. घरापुढे एक लांब सपरी होती, कौलारू, तीन बाजूंनी उघडी. तिथेच त्याचा कारखाना. त्याआधी त्याची सगळी हत्यारं एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत कोंबलेली असायची. मित्रांनो, पेटी हे हत्यारांचं घर नव्हे. पेटीत हत्यारं एकमेकांच्या अंगावर पडतात, वरचं खालच्याची धार खातं, आणि हवं ते नेमकं तळाशी असतं. शालिकरामने दोन दिवस नुसता विचार केला. जड हातोड्या आणि कुऱ्हाडीची पाती खालच्या खोल खणांत गेली, म्हणजे मी पुढे कलंडणार नाही. उथळ खणांत लाकूड कोरायच्या पटाशा, एकीशेजारी एक, धार मागच्या बाजूला आणि मुठी पुढे. हात घातला की मूठच हाताला लागली पाहिजे, असं तो म्हणायचा. ओव्याच्या खणात पटाशा, सुंठेच्या खणात कानशी, वेखंडाच्या खणात भोकं पाडायचं गिरमिट, हिंगाच्या खणात खिळे.

त्याची बायको कुंता पहिल्या दिवशी हिंगाचा खण उघडून हसत सुटली. "आता भाजीले फोडणी तुमच्या खिळ्याचीच देत जाऊ का?"

"देऊन पाह्य," तो म्हणाला. "दात पडले तं मले सांगू नको."

ती वर्षं माझी फार सुखाची गेली. साऱ्या तळ्यांवर शालिकरामचे डोंगे पाण्यात होते. फळीला फळी जोडायची, मधल्या फटीत पटाशीने कापूस ठासायचा, वर गरम डांबर ओतायचं. फट चुकली तर पाणी आत येणार, आणि भर तळ्यात शिंगाड्यांच्या वेलींत अडकलेल्या माणसाला पोहता आलं तरी उपयोग नसतो. म्हणून ढीवर लोक डोंगा कोणाच्याही हातचा घेत नाहीत. शालिकरामचा मात्र डोळे मिटून घ्यायचे.

आता मी त्या गोष्टीकडे येते जी मला सांगताच आली नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. शालिकराम उजव्या बाजूच्या खांबाला खांदा घासू लागला. रोजचा खांब, त्यानेच रोवलेला. मग दारातला तांब्या लाथेने उडाला. कुंता ओरडली, "पाहून चालत जा न!" तो म्हणाला, "तूच कुठीबी ठेवत राह्यतं." मग एके दुपारी तो माझ्यासमोर आला, खण उघडला आणि वाकून वास घेतला. सुंठ. बंद केला. शेजारचा उघडला. ओवा. मग कुठे पटाशी काढली. मला आधी गंमत वाटली. नंतर तो रोजच तसं करायला लागला, तेव्हा माझ्या लाकडात धस्स झालं. शालिकरामला दिसत नव्हतं. उजव्या डोळ्याने जवळजवळ नाहीच, आणि डाव्याने जणू बांबूच्या नळीतून बघावं तेवढंच.

घरात कोणाला पत्ता नव्हता. कसा असणार? माझ्यापाशी तो चुकत नव्हता. बोटांनी ओळी मोजायचा, नाकाने खात्री करायचा, मूठ हातात यायची. फळ्यांच्या फटी तो आधीपासूनच बोटांनी तपासायचा, त्यात नवीन काही दिसायचं नाही. मी त्याला सांभाळून घेत होते आणि मी सांभाळून घेत होते म्हणूनच ते कोणाला कळत नव्हतं. मित्रांनो, ह्याहून वाईट अवस्था मला तरी माहीत नाही.

काम करताना स्वतःशी पुटपुटायची त्याला सवय होती. त्यामुळे त्याच्या मनात काय आहे ते मला कळायचं. त्याची समजूत होती की हा मोतीबिंदू आहे. आमच्या भागात लोक मोतीबिंदूला मोतिया म्हणतात, आणि तो आंब्यासारखा पिकावा लागतो, कच्चा असताना डॉक्टर हात लावत नाहीत, असं जुनी माणसं सांगतात. "पिकू दे," तो म्हणायचा. "पिकला का एकदाच जाऊ. तवरक झिंगूचा डोंगा होऊन जाते."

झिंगू हा गावातलाच ढीवर, शालिकरामपेक्षा लहान. त्याला दिवाळीच्या आधी, शिंगाड्यांच्या तोडीसाठी नवा डोंगा हवा होता. सपरीत त्याचा सांगाडा चढलेला होता. डोळे गेले हे कळलं तर कोणी आपला डोंगा घेणार नाही, एवढंच शालिकरामच्या डोक्यात बसलं होतं. आणि मुलगा म्हणेल, बस झालं, आता हत्यारं ठेवा. त्याला न दिसण्यापेक्षा ह्याचीच भीती जास्त होती.

दुसऱ्या पावसाळ्यात शाळेत डोळे तपासणीचं शिबिर आलं. कुंताने धुतलेला सदरा काढून दिला. शालिकराम तो घालून पुढच्या दाराने गेला आणि घराला वळसा घालून मागून सपरीत आला. डोंग्याच्या सांगाड्याआड तो दुपारपर्यंत बसून राहिला. माझ्यापासून हातभर अंतरावर. जेवायच्या वेळेला उठून तो घरात गेला आणि म्हणाला, "काई नाई म्हणे. उमर झाली म्हणे." मी लाकूड नसते तर तेव्हा ओरडले असते. एखादा खण आपोआप उघडला असता, एखादी हातोडी पडली असती, तरी कुंता बाहेर आली असती. काहीच झालं नाही. मी जशी उभी होते तशीच उभी राहिले.

शालिकरामचा मुलगा अमर सूरजागडच्या खाणीवर मशीन दुरुस्तीच्या कामाला आहे. नवरात्रात तो सुटीवर आला. त्याच्या तिथल्या शेडमध्ये हत्यारांच्या मोठमोठ्या लोखंडी आलमाऱ्या आहेत, आणि त्या पाहिल्यापासून बाबांसाठी तशी एक घ्यायची त्याने ठरवलं होतं. माझे पाय वाळवीने पोखरले होते, एक खण दमट हवेत फुगून अडायचा. तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. अमर आणि त्याची बायको रिंकू मोबाईल घेऊन सपरीत बसले आणि निवड सुरू झाली.

रिंकूला चाकांची आवडली. अमर म्हणाला, "शेणानं सारवलेल्या जागेवर चाकं कुठी चालतात?" मग एक आरपार दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खणांची आली. ती खिळ्यांना ठीक, पण हातोडी ठेवली की बूड सुटेल, म्हणून गेली. एकीचा पत्रा पातळ, एकीचे खण अर्धेच बाहेर येणारे. शेवटी एक करडी, उभी, जाड पत्र्याची पसंत पडली. तिचे खण बोटाने ढकलले तरी सरकतात, आणि एका किल्लीने सगळे एकदम बंद होतात. खरं सांगते, त्यांनी निवड चांगली केली. मी आलमारी आहे, मला कळतं. ते फक्त एक विचारायला विसरले, की वापरणाऱ्याचा हात कसा चालतो.

नाही, तसं त्यांनी विचारलंही. अमरने मोबाईल बापापुढे धरला. "बाबा, हे पाह्य. चालते का?"

तेवढ्यात मोबाईल विझला. पडदा काळा झाला. शालिकरामने मान वाकवली, काळ्या पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "हो, चांगली आहे. रंग बी चांगला आहे."

अमर आणि रिंकू हसले. "बाबाले काईच घेणंदेणं नाई," अमर म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकला. मी एकटीच हसले नाही.

खांडेनवमीला आमच्या घरी सगळी हत्यारं बाहेर निघतात. अंगणात धुऊन, पुसून, पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतात. मग दसरा होईपर्यंत त्यांना कोणी कामाला लावत नाही. वर्षभर राबतात, त्यांचाही विसावा असतो. माझे सगळे खण वर्षातून त्या एका दिवशीच रिकामे होतात, आणि नवी आलमारी नेमकी त्याच दिवशी छोट्या गाडीतून आली. हत्यारं बाहेर आहेतच, तर आत्ताच तिच्यात लावून टाकू, असं सगळ्यांना वाटलं. सकाळी हत्यारं बाहेर काढताना अमरने घाईघाईने माझे खण ओढले होते. त्याच वेळी ओव्याच्या खणातली एक छोटी पटाशी मागच्या काठावरून उडाली आणि माझ्या पाठीच्या फळीशी आत जाऊन अडकली. मला ती टोचली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

रिंकूने दिवसभर खपून नवी आलमारी लावली. खणांत जाड कागद अंथरला, पटाशा लहानमोठ्या लावल्या, चमकणारी धार पुढे, म्हणजे उघडल्याबरोबर कुठली कोणती ते दिसावं. प्रत्येक खणावर मोठ्या सुबक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली. पटाशी. कानस. गिरमिट. मग तिने सासऱ्याला हाताला धरून समोर उभं केलं.

"मामाजी, आता पटाशी काढून दाखवा बरं!"

शालिकराम उभा राहिला. समोर सगळे खण एकसारखे, एकाच रंगाचे, आणि वास फक्त रंगाचा. त्याचा हात उचलला, थोडा हवेत थांबला आणि परत खाली आला.

"आज नाई," तो म्हणाला. "पूजा झाली न हत्यारायची. आता दसऱ्यावरक हात लावाचा नाई."

"माह्या ध्यानातच नाई आलं," रिंकूने जीभ चावली. कुंताने कौतुकाने मान हलवली. घरातल्या माणसाची देवाधर्मावर केवढी निष्ठा! मी पाहत होते, त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मला दोघांनी उचलून कोठ्यात नेलं. कोठा आणि सपरीच्या मध्ये फक्त तुराट्यांचा कुड आहे, मधे फटी आहेत. त्यातून मला सपरी दिसत राहिली. दोनच दिवसांत माझ्या वेखंडाच्या खणात कोंबडी शिरली. अपमान वाटून घ्यायलाही मला उसंत नव्हती, माझं लक्ष सगळं त्या करड्या आलमारीकडे होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकराम कामाला आला. झिंगूच्या डोंग्याची एक बाजू ठासायची राहिली होती. त्याने वरचा खण उघडला, वाकून वास घेतला, हात फिरवला, बंद केला. दुसरा. तिसरा. आवाज नाही, वास नाही, सगळ्या खणांच्या कड्या सारख्या. पुढच्या खणात त्याने सवयीने हात सरळ आत घातला, मूठ धरायला. पुढे धार होती.

तो ओरडला नाही. हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने खाली चिंधी शोधायला लागला. ती पुढच्या कुठल्या खणात असेल म्हणून एकेक उघडत गेला. चहा घेऊन रिंकू आली तेव्हा वरपासून खालपर्यंत प्रत्येक चिठ्ठीवर रक्ताचे डाग होते.

तिने चहा खाली ठेवला. पदराने हात बांधता बांधता ती म्हणाली, "मामाजी, चिठ्ठ्या लावल्या होत्या न मी. वाचल्या नाई काऊन?"

"चश्मा घरात राह्यला."

चश्मा त्याच्या नाकावर होता. रिंकू थांबली. तिने आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्याजवळ नेला आणि हलवला. डोळा हलला नाही. मग तिने जोरात हाक मारली, "आई! ओ आई! इकडे या!"

त्याच दिवशी अमर बापाला चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. काय झालं ते मला कुंताकडून कळलं. संध्याकाळी ती कोठ्यात गाईला चारा टाकायला आली आणि गाईच्याच मानेवर डोकं ठेवून रडली. "मोतिया नोहे म्हणे. काचबिंदू म्हणे. गेलं ते काई येत नाई म्हणे. उरलं तेवढं थेंब टाकून टिकवाचं म्हणे जल्मभर. डाक्टर म्हणे, आधी काऊन नाई आणलं? आता मी काय सांगू? एका ताटात जेवतो आम्ही, अन् मलेच नाई समजलं."

मला समजलं होतं, कुंता. दोन पावसाळे मला समजलं होतं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते आणि तिला एवढंही सांगू शकले नाही की तुझी चूक नाही, त्यानेच लपवलं होतं.

बातमी गावात फिरली. झिंगू येऊन बसला. बराच वेळ धानाच्या, पावसाच्या गोष्टी झाल्या. उठता उठता तो म्हणाला, "शालिकभाऊ, डोंग्याची घाई नाई बरं. ह्या साली मी टिनाचाच पाहून राह्यलो. तुम्ही आराम करा." त्याने एक शब्द वाईट काढला नाही. त्यामुळे रागवायलाही जागा नव्हती.

सुटी संपली, अमर एकटाच निघाला; रिंकू इथेच राहिली. जाण्याआधी त्याने नव्या आलमारीच्या कोपऱ्यातली किल्ली फिरवली. कट् असा एकच आवाज झाला आणि सगळे खण एकदम बंद झाले. किल्ली त्याने आईकडे दिली. "बाबा, आता हात नाई लावाचा कशाले. पैसे मी पाठवून राह्यलो न? बस, आराम." बापाचा बांधलेला हात त्याला पाहवत नव्हता. प्रेमानेच लावलं त्याने ते कुलूप.

शालिकराम आराम करायला लागला. म्हणजे सपरीतल्या खाटेवर बसायचा आणि मांडीवरची बोटं हलवत राहायचा. थेंब टाकायला कुंता यायची तेव्हा मान वर करायचा, कधी नको म्हणायचा. "काय उपेग?" दोन-दोन दिवस बाटली तशीच राहायची. तो आतून विझत चालला होता आणि मी कुडाच्या फटीतून बघत होते.

एका सकाळी तो कुडाला हात लावत लावत कोठ्यात आला. मला शोधत आला होता. त्याची बोटं माझ्या डोक्यावरून फिरली, खाली उतरली, ओळी मोजायला लागली. एका खणात कोंबडीने चोच मारली. "तू कुठून आली वं?" तो म्हणाला. मग ओव्याचा खण. त्याने तो ओढला, आत हात घातला. रिकामा. नाक लावलं. बराच वेळ नाक लावून तसाच उभा राहिला. मग त्याने तो खण ढकलला.

खण बसेना. बोटभर बाहेरच राहिला.

मित्रांनो, ती पटाशी मी धरून ठेवली होती असं मी म्हणणार नाही. ती अडकली होती, एवढंच. पण त्या क्षणी माझ्यात जीव असलाच, तर तो तिथे होता, त्या बोटभर जागेत. शालिकरामने पुन्हा ढकलून पाहिला. माझा खण कधी असा राहत नाही हे त्याच्या हाताला माहीत होतं. त्याने आडकाठी उचलून खण पूर्ण बाहेर काढला, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि पटाशी त्याला सापडली. मूठ पुढेच होती.

तो सपरीत गेला. डोंग्याजवळ बसला, बोटाने फट शोधली, कापसाची वात ठेवली आणि हळूहळू ठासायला लागला. पाण्याची घागर घेऊन रिंकू अंगणात आली. तिने ते पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हीसुद्धा जाणार. तिने घागर उतरवली आणि सासऱ्याजवळ जाऊन बसली. ठासलेल्या फटीवरून तिने बोट फिरवलं. मग नीट वाकून बघितलं.

"मामाजी, येवढी गोष्ट होती तं काऊन नाई सांगितली?"

शालिकरामचा हात थांबला नाही. "सांगितली असती, तं कुलूप तवाच लागलं असतं."

ती उठली, घरात गेली. कुंता म्हणाली, "अमर काय म्हणन?" रिंकू म्हणाली, "मी बोलीन त्याहिच्याशी." थोड्या वेळाने कट् असा आवाज मी पुन्हा ऐकला. ती हत्यारं घमेल्यात भरून कोठ्यात आली, मागून सासऱ्यालाही घेऊन आली, आणि माझ्यासमोर बसून विचारायला लागली. "कानस कुठी?"

"सुंठीत."

"गिरमिट?"

"वेखंडात."

"तिथी कोंबडी आहे."

"मंग पिल्लं निघावरक गिरमिट हातोडीसंग राहू दे."

तो हसला. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. पटाशांची पाळी आली तेव्हा रिंकूने त्यांची धार मागे केली आणि मुठी पुढे. खण हुंगून बघितला. वास फार कमी उरला होता, तिला तर आलाच नाही. ती घरात गेली, मूठभर ओवा आणला आणि कोपऱ्यात टाकला. आणि त्याच खणात, पटाशांच्या अगदी पुढे, तिने डोळ्यांच्या थेंबांची बाटली ठेवली.

"पटाशी काढाले याल तेव्हा पहिले हे हाताले लागन," ती म्हणाली. "हे मले द्याचं. मी थेंब टाकीन. मंग पटाशी."

"अन् फटी?"

"तुम्ही बोटानं पाह्यजा, मी डोळ्यानं पाहीन."

आता रोज सकाळी असंच चालतं. डोंग्याची ती बाजू ठासून होत आली आहे. झिंगू तो घेईल की नाही, मला माहीत नाही. त्याने एकदा येऊन दुरून पाहिलं. अमर फोनवर रागावला, पण पुन्हा कुलूप लावा असं म्हणाला नाही. शालिकरामची बांबूची नळी आणखी किती दिवस उघडी राहील, ते डॉक्टरही सांगत नाहीत. गेलेलं परत येणार नाही. मला वेळेवर बोलता आलं असतं तर कदाचित ते गेलंच नसतं, हे दुःख माझ्या लाकडातून निघत नाही.

मला वैद्यांनी औषधं ठेवायला घडवून घेतलं होतं. इतक्या वर्षांनी माझ्या एका खणात पुन्हा औषध आहे. ते खणात ठेवणारी रिंकू आहे, मी नाही. तुमच्या घरातही एखादं माणूस एखाद्या जुन्या वस्तूला चिकटून बसलं असेल. नवी जरूर घ्या, पण आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, का चिकटून बसलात म्हणून. त्या वस्तूला उत्तर माहीत असतं, पण ती सांगू शकत नाही. तुम्हाला विचारता येतं.

कोंबडी उठली आहे. खणात पहिलं पिल्लू ओरडतंय. शालिकराम कुडाला हात लावत येतो आहे, आणि माझा ओव्याचा खण आता पूर्ण बसतो.